आडवा आठ

लेन्स आधी कानाशी धरायची, मग डोळ्याशी.
इंगळेकाका हे पहिल्या दिवशी म्हणाले
आणि पुढचे तीन महिने माझ्या हातात झाडूच दिला.

खुळखुळलं तर स्क्रू सुटलाय.
खरखरलं तर वाळू.
काहीच वाजत नाही आणि रिंग जड, तर ग्रीस म्हातारं झालं.
ग्वाल्हेरच्या ग्रीसला तसंही वयाआधी म्हातारपण येतं:
जानेवारीत गोठतं, मे महिन्यात तेल सोडतं,
ते पाझरत पाकळ्यांवर जातं
आणि पाकळ्या हाक मारली की
आले आले म्हणतात, येत नाहीत.

दौलतगंजात चहावाल्याच्या वर, आता मी एकटी.
पाटीवर अजून 'घड्याळे व कॅमेरे'.
घड्याळं मी करत नाही.

डबऱ्याहून ओमवीर कुशवाह आला,
रुमालात बापाची पन्नासची लेन्स.
दीदी, जवळचं सगळं ठीक, लांबचं जुमानत नाही.
एकोणीस वर्षं बापानं हिच्यातून
वरमाला बघितल्या, पाठवण्या, पाळण्यातली पोरं,
सगळं दहा फुटांच्या आत.
लांबचं कुणी मागितलंच नव्हतं.
पोराला आता तारे हवेत.

तीन बारीक स्क्रू, लाखेनं बुजवलेले.
ॲसिटोनचा थेंब, मग चहा संपेपर्यंत हात मागे.
घाई केलीस तर आधी स्क्रूचं डोकं जाईल, मग तुझं.

आता आटे.
आट्यांना एकच दार नसतं, हिला सहा होती.
कुठूनही आत शिरा, रिंग तितकीच मऊ फिरते,
बोटांना खोटेपणा कळत नाही.
त्यातल्या एकाच दारानं गेलं तर
आडवा आठ आडव्या आठावर थांबतो,
नाहीतर थोडा अलीकडेच अडतो.
म्हणून आटे सुटतात त्या क्षणी श्वास धरायचा
आणि सुईनं खूण करायची.

खूण होती.
डावीकडे कललेला ओरखडा, शेवटी बारीक आकडी.
काकांच्या दुकानात डावखुरं एकच माणूस होतं.

त्या दिवसाचं काही आठवत नाही.
लाईट गेली असेल. खालून कुणी हाक मारली असेल.
खूण केली होती मी,
पण आटे सुटल्यावर, अंदाजानं.
काकांनी तपासली असणार, ते सगळंच तपासायचे.
त्यांचा मोतीबिंदू तेव्हा पिकत होता
हे मला फार नंतर कळलं.

गच्चीवर गेले.
कॅमेऱ्याच्या पाठीला घासलेली काच लावली.
आमच्या धंद्यात अनंत म्हणजे किल्ला,
आणि काचेवर तो उलटा लटकतो:
टेकडी वर, आकाश खाली.
पहिल्या दारातून ओला कागद.
दुसऱ्यातून त्याहून ओला.
तिसऱ्यातून तटबंदीला केस फुटले.
लू थांबून धुरळा बसेपर्यंत पत्र्याच्या सावलीत बसले.
अंधारात बुरुजाकडे कुठलासा दिवा लागला,
चौथ्यातून लिंबाएवढा,
पाचव्यातून टाचणीच्या टोकाएवढा.
खूण केली. जुनी खोडली नाही.

काय बिघडलं होतं? ओमवीरनं विचारलं.
आटे चुकीचे बसवलेले.
कुणी?
जुन्या मिस्त्रीनं, म्हणाले मी.
ते तर गेले ना? बाबा फार मानायचे त्यांना.

चहा आला. साय धरेपर्यंत मी कपाकडे बघत राहिले.
मग म्हटलं, ते नाही. मी. तेव्हा शिकत होते.

त्यानं लेन्स कानाशी नेली, हलवली, जसं काही कळणारच होतं.
मग हसला.
बाबांना तरी लांबचं कुठं दिसायचं, दीदी,
साडेचार नंबरचा चश्मा होता.

ग्रीसचे साठ सांगितले.
त्यानं शंभराची नोट ठेवली.
सुटे दोघांकडेही नव्हते.